सापवाल्या मावशींचं अर्धं वाक्य

मावशींना राग आला की त्यांचे हात गार पडायचे. आणि गार हातांनी सापाला शिवायचं नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. म्हणून त्या रविवारी सकाळी सर्पोद्यानाच्या मागच्या खोलीत त्या गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून उभ्या होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. स्तोत्र नव्हतं ते. विहीणबाईंना वाहिलेली लाखोली होती.

आदल्या दिवशी विहीणबाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. मावशींची लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली, त्याला आता तिसरा महिना लागलेला. पहिली मुलगी, दुसरीही मुलगी. सासरचं कोणी न्यायला येईना. जावईबापू एकदाच आले, दहा मिनिटं बसले, बाळाचा अंगठा धरून बघितला आणि दुकान उघडायचंय म्हणून निघून गेले. मावशींनी मग स्वतःच फोन लावला आणि गोडीत विचारलं, "काय विहीणबाई, सुनेची आठवण येत नाही वाटतं?"

तर विहीणबाई म्हणाल्या, "हे बघा, आम्ही काही अडाणी नाही. ऐकून घेतो, समजून घेतो. तुम्हीच चारशे माणसांसमोर माइक धरून सांगता ना, मुलगा की मुलगी हे आई ठरवते म्हणून? मी स्वतः ऐकलंय, पहिल्या रांगेत बसून. मग तुमच्या लेकीनं दोन वेळा काय ठरवलं ते दिसतंच आहे. आता आम्ही आमच्या मुलाचं पुढचं बघतो." आणि फोन ठेवला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मावशींना तेव्हा कळलं. कारण वाक्य खरंच त्यांचं होतं. आणि पहिल्या रांगेतले पास? तेही मावशींनीच हौसेनं, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, विहीणबाईंच्या हातात नेऊन दिले होते. फुकट! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता ते वाक्य कुठून आलं, ते सांगायला हवं.

मावशी इथं आल्या त्या झाडू घेऊन. नवरा गेला तेव्हा लेक दीड वर्षाची, आणि पिंजरे धुवायला माणूस हवा होता. पहिले सहा महिने त्या सापाकडे पाठ करून झाडायच्या. मग एकदा सर्पोद्यानाच्या थोरल्या डॉक्टरांचा मदतनीस आला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा शेपटी धरता का?" धरली. ती धरली ती सुटलीच नाही. पुढं आकडीनं साप उचलणं, अंडी उबवणीच्या डब्यात ठेवणं, आजारी सापाच्या तोंडात नळी घालणं, सगळं त्या शिकल्या. आणि सगळ्यात नाजूक काम शिकल्या ते नर की मादी ओळखायचं.

वरून बघून ते कळत नाही, भल्याभल्यांना कळत नाही. सापाला उताणा धरायचा. शेपटी सुरू होते तिथं एक आडवी चीर असते. बारीक, गोल टोकाची सळई वंगण लावून त्या चिरेतून शेपटीच्या टोकाकडे अलगद सरकवायची, जोर म्हणून करायचा नाही. मादी असेल तर दोन-तीन खवल्यांवरच सळई थांबते. नर असेल तर आठ-दहा खवले सुळकन आत जाते, कारण नराचं इंद्रिय शेपटीत दडलेलं असतं. तेही एक नाही, दोन. उलटे करून आत खोचलेले मोजे कसे असतात, तसे दोन बाजूंना दोन. वेळ आली की त्यातला एक बाहेर उलटतो, दुसरा राखीव. पण हात गार असले, माणूस घाईत असला, तर साप अंग आवळून घेतो, सळई मध्येच अडते आणि धडधडीत नराची कागदावर मादी होते. मावशींच्या हातून तसं कधी झालं नाही. त्यांची सळई नवऱ्याच्या जुन्या चष्म्याच्या डबीत असायची आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

महिन्यातून एकदा तरी कोणी शहाणा मोबाइलवर फोटो घेऊन यायचा. "मावशी, बघा, पायवाला साप! आमच्या गल्लीत निघाला."

"पायवाला नाही रे मेल्या," मावशी खेकसायच्या. "तू दगडानं चेचलास ना त्याला? त्या दाबानं त्याचं आतलं बाहेर आलं. पाय म्हणे! ज्याला तू पाय म्हणतोस त्याच्यावर त्याचा वंश चालतो. जा, फोटो पुस आधी." माणूस लाजून लाल. मावशी नाही.

आता मुख्य गोष्ट. बारा वर्षांपूर्वी 'आजीबाई' नावाच्या धामणीनं अकरा अंडी घातली. त्यात विशेष काय? तर आजीबाई तीन वर्षं एकटी एका पिंजऱ्यात होती, नराचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं. अंड्यांतून सात पिल्लं निघाली तेव्हा व्यवस्थापकांनी मावशींना ऑफिसात बोलावून उभं केलं. म्हणाले, दार तुम्ही उघडं टाकलंत, नर आत शिरला, कबूल करा. मावशी म्हणाल्या, दार उघडं टाकणारी बाई मी नाही. नोकरीवर आलं होतं. तेव्हा थोरले डॉक्टर मध्ये पडले. त्यांनी सांगितलं की सापाच्या मादीच्या अंडनलिकेत बारीक घड्या असतात, त्यांत ती नराचं बीज महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जपून ठेवते आणि तिला बरं वाटेल तेव्हा वापरते. आजीबाईला पकडून आणलं तेव्हाच ती भेट होऊन गेलेली होती. व्यवस्थापकांनी आरोप मागं घेतला. माफी मात्र मागितली नाही हं!

त्या दिवशी डॉक्टरांनी मावशींना समोर बसवून सगळं नीट समजावलं. धामण, नाग यांच्यात मादीची अंडी दोन प्रकारची असतात आणि नराचं बीज एकाच प्रकारचं. म्हणून पिल्लू नर होणार की मादी, हे आईकडून ठरतं. माणसात बरोबर उलट. बाईचं बीज एकाच प्रकारचं, पुरुषाचं दोन प्रकारचं. तिथं ते बापाकडून ठरतं. "आणि ठरतं म्हणजे कोणी मनानं ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठी निघावी तसं ते निघतं. लोकांना सांगाल तेव्हा पूर्ण सांगत जा."

मावशींनी पूर्ण सांगितलं. दोन रविवार. "सापांच्या घरात मुलगा की मुलगी हे आई ठरवते, बाप बिचारा नुसती हजेरी लावून जातो!" इथं हशा, टाळ्या, बायका तर तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि मग "माणसात मात्र बाप…" म्हटलं की सभा थंड. पुरुष घड्याळं बघायला लागायचे. तिसऱ्या रविवारी मावशींनी दुसरा अर्धा भाग गाळून टाकला. हशा मिळाला, पुढचा साप काढला, झालं. बारा वर्षं, दर रविवारी तीन खेळ. टाळ्यांची चटक वाईट असते, दारूपेक्षा वाईट. दारू निदान दुसऱ्या दिवशी डोकं दुखवते.

तर त्या रविवारी हात शेकून मावशी माइकसमोर गेल्या, आणि ते वाक्य आलं तेव्हा त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. ते वाक्य न बोलताच त्यांनी नाग उचलला. खेळ कसाबसा संपवला.

दुपारी उद्यानामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत लेक धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. थोरली, चार वर्षांची, सापाची कात चिकटवलेला कागद बाहुलीला पांघरत होती. मावशींनी फोनची गोष्ट सांगितली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "साप साप म्हणून भुई धोपटतायत मेले! स्वतःच्या मुलाकडे बघ म्हणावं. मी येते तिकडे, बघतेच त्या बाईकडे!"

लेक हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आई, त्या चुकीचं काय बोलल्या?"

"म्हणजे?"

"तुझं वाक्य मला पाठ आहे. दहावी-बारावीत दर रविवारी तिथंच बसायचे ना मी, बाकावर. पहिली झाली तेव्हा वाटलं, माझ्याकडून राहिलं काहीतरी. आणि हिच्या वेळी नऊ महिने मी रोज मनाला सांगायचे, ठरव, या वेळी तरी नीट ठरव."

मावशींनी तिचा खांदा धरला. "अगं, शाळेत शिकवलं नाही तुला? माणसात उलटं असतं!"

"शिकवलं असेल. परीक्षेपुरतं वाचलं असेल. पण तू रोज त्यांना हात लावणारी. मला वाटायचं, पुस्तकापेक्षा तुला जास्त कळतं."

आता कोणाला शिव्या द्यायच्या? विहीणबाईंसाठी जमवलेल्या सगळ्या शिव्या मावशींच्या घशातच राहिल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, पूर्ण. लेकीनं ऐकून घेतलं, पण तोंडावर काही दिसेना. चार वर्षांची बोच अशी दहा मिनिटांत निघत नाही. मावशींना स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी उद्यान बंद असतं. सकाळी जावई आले. हातात दोन बॅगा. मावशींना क्षणभर वाटलं, न्यायला आले. पण बॅगा भरलेल्या होत्या. लेकीच्या साड्या, थोरलीचे फ्रॉक, खेळणी.

"आईनं दिल्यात," जावई म्हणाले. "राहिलेलं सामान." आणि चपलांकडे बघत उभे राहिले.

जावई म्हणजे वाईट माणूस नव्हे, हीच तर पंचाईत. वाईट असता तर मावशींनी आकडीनंच बाहेर काढला असता. बोलायला मऊ, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, व्यसन नाही. औषधांच्या दुकानात बसायचे, गल्ल्यामागं त्यांची पदविका फ्रेम करून टांगलेली. आई बोलली की मूग गिळून गप्प. मावशींनी त्या बॅगांकडे पाहिलं, मग फ्रेममधली ती पदविका त्यांच्या डोळ्यांपुढं आली, आणि त्यांचे हात पुन्हा गार पडायला लागले.

"बसू नका," त्या म्हणाल्या. "आलाच आहात तर कामाला हात लावा. एक धामण दुसऱ्या उद्यानाला पाठवायचीय, नर की मादी ते लिहून द्यायचंय. मदतनीस आज सुट्टीवर आहे."

"मी? अहो आई, मला सापाची…"

"तुम्हाला फक्त मोजायचंय. मोजता येतं ना?"

मागच्या खोलीत मावशींनी पुन्हा हात बादलीत बुडवले आणि चांगली पाच मिनिटं बुडवून ठेवले. लेकीनं धाकटीला पाळण्यात टाकलं, थोरलीला दाराबाहेर बाहुलीपाशी बसवलं आणि सवयीनं येऊन धामणीचा पुढचा भाग धरला. लहानपणापासूनची सवय होती ती. मावशींनी शेपटीकडचा भाग उताणा केला, चष्म्याची डबी उघडली, सळईला वंगण लावलं. जावई भिंतीला चिकटले होते.

"पुढं या. चावायचं तोंड तुमच्या बायकोच्या हातात आहे."

सळई आत गेली. मावशींनी ती जिथं थांबली तिथं नख धरून बाहेर काढली आणि शेपटीशेजारी ठेवली. "मोजा खवले. चिरेपासून माझ्या नखापर्यंत."

जावयांनी वाकून मोजले. "नऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे… नर?"

"शाबास. आता सांगा, हा नर कोणामुळं झाला?"

"याच्या आईमुळं," जावई म्हणाले. "सापात मादीकडं दोन प्रकार असतात ना." आणि बोलता बोलता थबकले.

मावशींनी सळई पुसली, डबीत ठेवली, डबी बंद केली. घाई नाही. "असं होय. म्हणजे माहीत आहे तुम्हाला. मग आता बाहेर जी बाहुली घेऊन बसलीय, ती मुलगी कोणामुळं झाली?"

जावयांनी दाराकडे बघितलं.

"बोला. दोन वर्षं शिकलात, भिंतीवर काच लावून टांगलंय. कोणामुळं?"

"माझ्यामुळं," जावई म्हणाले. आवाज इतका बारीक की धामणीलाही ऐकू गेला नसता. अर्थात तिला तसंही फारसं जात नाही.

"मोठ्यानं."

"माझ्यामुळं! माहीत आहे मला. पण आईला कोण सांगणार? तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. उगाच घरात वाद. मला वाटलं, चार दिवसांनी शांत होईल."

मावशींनी तोंड उघडलं. काय काय येणार होतं त्या तोंडातून, देवच जाणे. पण लेक आधी बोलली. धामणीचं डोकं तसंच हळुवार धरून, नवऱ्याकडे न बघता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, म्हणजे…"

"पहिल्या वेळी माहीत होतं?"

जावयांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"मी रात्रंदिवस स्वतःला खात होते. तुमच्या आई जेवताना टोमणे मारायच्या, तुम्ही शेजारी बसून वाटीतलं संपवायचात. आणि तुम्हाला माहीत होतं." ती ओरडली नाही. तिच्या आईसारखा तिला ओरडायचा सराव नव्हता. "माझी आई हशासाठी अर्धं सांगायची. तुम्ही तर काहीच सांगितलं नाहीत."

मावशींना ते वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं. पण लेकीच्या तोंडावर काल जे दिसलं नव्हतं ते आज दिसत होतं. लेक रागावली होती! चार वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणावर तरी रागावली होती. मावशींना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी जावयांवर खेकसून घेतलं, "सरका बाजूला, साप पिशवीत टाकायचाय!"

लेकीनं धामणीला पिशवीत सोडलं, गाठ मारली, हात धुतले. "घरी जा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ता मला जे सांगितलंत ते आईंना सांगा. त्यांच्यासमोर बसून. मग बोलू."

"सांगतो. नक्की सांगतो."

"बॅगा राहू देत इथं," मावशी म्हणाल्या. "भरलेल्या आहेत, बऱ्या आहेत."

आठवडा गेला. फोन नाही, काही नाही.

रविवारी अकराच्या खेळाला मावशी माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा शेवटच्या रांगेमागं, खांबाला टेकून, जावई दिसले. एकटेच. दारावरच्या माणसानं ओळखीनं आत सोडलं असणार. मावशींनी धामण काढली, टेबलावर सोडली, आणि बारा वर्षांत लाख वेळा बोललेलं वाक्य बोलल्या. हशा आला, टाळ्या आल्या. त्यांनी हात वर केला.

"थांबा. झालं नाही माझं. ही सापांची गोष्ट झाली. माणसात उलटं असतं. माणसात ते बापाकडून येतं. पोरगी झाली म्हणून सुनेला बोलणारं जे कोणी इथं बसलं असेल, त्यानं घरी जाऊन आपल्या मुलाला बोलावं. खरं तर त्यालाही बोलू नये, कारण कोणी ठरवून करत नाही. पण बोलायची खाजच असेल तर पत्ता तरी बरोबर शोधा! आणि हे मी बारा वर्षं गाळत आले, कारण तुम्ही हसायचं थांबायचात. चूक माझी आहे. आता हसा नाहीतर नका हसू."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसानं घड्याळ बघितलं. "बघा, बघा घड्याळ," मावशी म्हणाल्या, "अजून नाग बाकी आहे." मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या, बराच वेळ.

खेळ संपल्यावर जावई मागच्या दाराशी आले. लेक पायरीवर बसून धाकटीला थोपटत होती. मावशी आत बादलीपाशी होत्या, पण कान बाहेर.

"सांगितलंत?" लेकीनं विचारलं.

"सांगणारच होतो. पण या आठवड्यात आईची तब्येत जरा… योग्य वेळ बघून सांगतो. तू आधी घरी चल, मग आपण दोघं मिळून सांगू. मी रिक्षा थांबवून आलोय."

मावशींनी बादलीतून हात बाहेर काढले. पण त्यांना बाहेर यावं लागलं नाही.

"रिक्षा सोडून द्या," लेक म्हणाली. "तुम्हाला सांगायला जमत नाही ना, तर माझी आई सांगेल. माइकवर, चारशे माणसांसमोर, पूर्ण. पुढचा खेळ एक वाजता आहे, शेवटचा चारला. तुमच्या आईंना घेऊन या. पुन्हा पहिल्या रांगेत बसवा त्यांना." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि दारावर माझं नाव सांगून आत शिरू नका. या वेळी तिकीट काढून या."